अर्धा धुतलेला दगड

आमच्या भाऊजींना कॉलेजातली पोरं शंखमास्तर म्हणायची. तोंडावर नाही, पण ऐकू जाणार नाही इतक्या लांबूनही नाही. माणसाला शंख म्हणतात तेव्हा काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि भाऊजींनाही ठाऊक होतं. ते रागवायचे ते वेगळ्याच कारणावरून. "शंख गोगलगायीच्या गोतावळ्यातला," ते म्हणायचे, "माझा प्राणी ऑक्टोपसच्या नात्यातला. नाव ठेवायचंच तर अभ्यास करून ठेवा." अशा माणसाशी माझ्या थोरल्या बहिणीने लग्न केलं. नवरा नेमकं काय करतो असं कुणी विचारलं, की ती सरळ सांगायची, "दगड मोजतात."

मी शिवणकाम करणारी बाई. स्टेशनजवळ माझं दुकान आहे, दोन मशिनी आहेत आणि गुडघे दुखतात. भूगर्भशास्त्र मला भाऊजींमुळे जेवढं चिकटलं तेवढंच. ते असं, की नॉटिलस नावाचा एक समुद्री प्राणी आहे. गुंडाळलेलं कवच आणि आत खोल्याच खोल्या. प्राणी राहतो शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत. वाढला की पुढे सरकतो आणि मागे भिंत घालतो. सगळ्या भिंतींतून एक बारीक नळी जाते. तिच्यातून तो मागच्या खोल्यांतलं पाणी काढून घेतो, तिथे हवा भरते, आणि एवढं घर पाठीवर घेऊन खुशाल तरंगतो. इतक्या खोल्या रिकाम्या ठेवून एकही भाड्याने न देणारा हा जगातला एकमेव घरमालक, असं मी एकदा म्हटलं. भाऊजी हसले नाहीत. पुढे कळलं, की दरवर्षी वर्गात ते हाच विनोद स्वतःचा म्हणून सांगत होते.

त्यांचे नॉटिलस होते क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या पर्वातले. त्याच समुद्रात त्यांचे चुलत भाऊ होते, अमोनाइट. ते देखणे, नखरेल, दर थोड्या काळाने नवी फॅशन करणारे. त्यांच्या आतल्या भिंतीची कड कवचाला जिथे टेकते तिथे अशी काही झालर, की मला लेस लावायला सांगितली असती तर मी नकार दिला असता. जगातले सगळे हौशी लोक अमोनाइटांच्या मागे. नॉटिलसच्या भिंतीची कड म्हणजे साधी लाट. त्याला कोण विचारतो! मग क्रिटेशस संपला, डायनासोर गेले, अमोनाइट झाडून सगळे गेले, आणि हे साधे, मंद, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले तेवढे राहिले. का राहिले? नक्की कुणालाच सांगता येत नाही, भाऊजी म्हणायचे. पण बहुधा खोल पाण्यात राहत, मेलेलंसुद्धा खात, आणि अंडी थोडीच पण मोठी घालत. पिल्लू उशिरा बाहेर यायचं, पण धडधाकट यायचं. "घाई नसणाऱ्यांचं कधीकधी बरं होतं," ते म्हणायचे. "कधीकधी," ताई म्हणायची, कारण घाई नसल्यामुळेच भाऊजींच्या मागून आलेले दोघेजण विभागप्रमुख होऊन निवृत्तही झाले होते.

गावाबाहेर चुनखडीची खाण होती. तिच्या वरच्या थरात चिकणमाती आणि खालच्या थरात पांढरी, खडूसारखी भुसभुशीत दगडमाती. दोन्हींत नॉटिलस मिळत. पण या प्राण्याची पंचाईत अशी, की सगळे एकमेकांसारखे. कवच किती फुगीर, मधली बेंबी उघडी की झाकलेली, नळी भिंतीच्या मधून जाते की आतल्या अंगाने, भिंतीची कड कुठे किती वळते, हे बघत बसायचं. आणि मोठा फरक म्हणजे कवचाच्या पाठीवर कंगोरे आहेत की नाहीत. गुळगुळीत असेल तर युट्रेफोसेरस, कंगोऱ्यांचा असेल तर सायमॅटोसेरस. ही नावं उच्चारताना भाऊजींच्या तोंडावर जे तेज यायचं, ते ताईच्या म्हणण्याप्रमाणे लग्नाच्या दिवशीही आलं नव्हतं.

भाऊजींना शिकवणारे एक थोरले सर होते. मी त्यांना एकदाच पाहिलं. छडीसारखा सरळ माणूस, बोलणंही छडीसारखंच. त्यांचा एक नियम होता. भिंतीची कड कधी खोटं बोलत नाही, ती बघा. आणि ती कवचाखाली झाकलेली असते, म्हणून आधी कवच काढा. खाणीतला दगड आला, की त्याला चिकटलेली खडूची साल आणि तिच्याखालचं भुसभुशीत कवच असं सगळं एकदमच व्हिनेगरमध्ये विरघळवायचं. आत कधीकाळी भरलेला गाळ काळपट, घट्ट झालेला असायचा, त्याला व्हिनेगर काही करत नाही. तो तेवढा उरतो, तुळतुळीत, भिंतींच्या कडा स्पष्ट दाखवणारा. आधी धुवायचं, मग बघायचं. सरांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांचं हेच. वरच्या थरातल्यांवर ही वेळ यायची नाही, चिकणमाती बोटानेच सुटायची आणि कवच कंगोऱ्यांसकट हातात यायचं. धुणं होतं ते खालच्या थराच्या दगडांचं.

आणि ते धुणं ताईकडे होतं. भाऊजींचे हात मापाला चांगले, पण धसमुसळे. त्यांनी सुरुवातीला दोन-तीन नमुने फोडले, तेव्हा ताईने बशी ओढून घेतली. "सरका," म्हणाली. काचेची एक मोठी खोलगट बशी, कुणीतरी लग्नात दिलेली. दुपारची जेवणं झाली, की मागच्या खोलीत ती व्हिनेगर पातळ करायची, दगड बुडवायची, थोड्या थोड्या वेळाने मऊ ब्रशने वरचा पांढरा लगदा हलकेच काढायची. घाई नाही, बोलणं नाही. मी जायची तेव्हा घरभर आंबट वास भरलेला असायचा आणि दोघं दोन खुर्च्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले असायचे, ती धुतेय आणि ते चित्र काढतायत. त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल ते दोघं बोलत नसत, मीही बोलणार नाही.

खालच्या थरातले सगळे गुळगुळीत निघाले. जुन्या पुस्तकांत तसा कुठला सापडेना. भाऊजींनी बरीच वर्षं पडताळून तो नवीन म्हणून जाहीर केला आणि त्याला ताईचं नाव दिलं, पाठीमागे लॅटिन शेपूट लावून. छापून आलेलं पान ताईने फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलं. "लोक बायकोच्या नावाने घर बांधतात," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यांनी माझं नाव मेलेल्याला दिलं." पण त्या फ्रेमची धूळ ती कुणाला पुसू द्यायची नाही. स्टूल घेऊन स्वतः चढायची.

त्या नावावर भाऊजींनी मग पुढचा सगळा मजला चढवला. खालच्या थराचा समुद्र खोल आणि शांत, म्हणून तिथे गुळगुळीत. वरच्या थराचा समुद्र उथळ, लाटांचा, दातवाल्या माशांचा, म्हणून तिथे कंगोरे असलेले, मजबूत. मेलेल्या नॉटिलसचं कवच हवा भरलेलं असतं, ते वाहत वाहत भलतीकडे जाऊन पडतं, म्हणून सापडला तिथेच तो राहत होता असं धरता येत नाही, हे ते स्वतःच सांगायचे. त्यासाठी वरच्या थरातल्या कवचांवर बसलेली कालवं मोजायची, खालच्या थरात कवचाबरोबर वाहून न जाणाऱ्या जबड्याच्या चोची शोधायच्या. सगळं जुळवलं. दोन जाती, दोन समुद्र. आयुष्य गेलं त्यात, आणि मला तरी ते वाया गेल्यासारखं वाटत नव्हतं.

मग ताईचे हात थरथरायला लागले. आधी उजवा. चहाचा कप बशीवर वाजायचा, तेव्हा आम्ही हसलो, ती पण हसली. एका दुपारी व्हिनेगरची बशी तिच्या हातून कलंडली. दगड अर्धाच भिजला होता. भाऊजींनी फरशी पुसली, दगड उचलला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. नंतर करू म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. खाणीतलं पंपिंग बंद झालं, खालचा थर पाण्याखाली गेला. आणि तो दगड काढायची भाऊजींची छाती झाली नाही. हिने अर्धा सोडलाय, तर तो दुसऱ्या कुणी पुरा करायचा नाही, एवढंच ते म्हणाले.

ताईचं आजारपण असं, की आजचा दिवस कालच्यापेक्षा वाईट वाटत नाही, पण यंदाचं वर्ष गेल्या वर्षीपेक्षा नक्की वाईट असतं. भाऊजी निवृत्त झाले ते थेट स्वयंपाकघरात. तिची बटणं लावायची, गोळ्या वेळेवर द्यायच्या, घास बारीक करायचा, खुर्चीतून उठवताना आधी उजवा पाय, मग डावा, असं तोंडाने म्हणत राहायचं. बसल्या बसल्या ते झोपी जायचे, हातात चमचा तसाच. मी दुपारी दुकान बंद करून जायची, ताईला न्हाऊ घालायची, केस विंचरायची. आम्ही दोघं एकमेकांवर चिडायचो, कारण ताईवर चिडणं शक्य नव्हतं. तिचा आवाजही बसत चालला होता. लोक भेटायला यायचे आणि तिच्यादेखत आम्हाला विचारायचे, "कशी आहे?" मला राग यायचा. आणि मग मीच उत्तर द्यायची, "बरी आहे."

अशात मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने निरोप पाठवला. तिथली अधिकारी म्हणजे भाऊजींचीच जुनी विद्यार्थिनी, घरमालकाच्या विनोदाची चोरी तिच्याकडूनच मला कळली होती. सगळा संग्रह ते घेणार होते. "सर, प्रत्येक नमुन्यावर नाव आणि थर लिहून ठेवा, परवा गाडी येतेय," ती फोनवर म्हणाली. भाऊजी मागच्या खोलीत पेट्या भरायला बसले. मी ताईला खिडकीशी बसवलं, तिच्या पायांवर शाल टाकली आणि आत गेले तर भाऊजी जमिनीवर. पाय पसरलेले, पाठ कपाटाला टेकलेली. मला वाटलं, पडले.

"काय झालं? चक्कर आली का?"

"हात लाव याला," ते म्हणाले.

मांडीवर तो फडक्यातला दगड होता. मी तो उचलला. त्याच्या अर्ध्या भागावर बोट नुसतं घसरलं, काचेसारखं. दुसऱ्या अर्ध्यावर पूर्वी खडूची जाड साल होती, ती एवढ्या वर्षांत कपाटात वाळून आपोआप गळली होती. तिचा चुरा फडक्यात पडलेला. तिच्याखाली कवच तसंच होतं आणि त्यावर एकाशेजारी एक रेघा, बारीक, उठावदार. हाताला कॉर्डुरॉयसारखं लागलं. मधोमध आले, की रेघा तिरक्या रेषेत एकदम संपत होत्या.

"इथे मधेच का संपल्या?"

"तिथवर व्हिनेगर पोचलं होतं," भाऊजी म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. कापड ओळखायचं म्हणून आधी त्याची लव जाळून टाकायची आणि मग म्हणायचं, हे बिनलवीचं कापड आहे. तसं झालं होतं.

"म्हणजे गुळगुळीत कुणी नव्हताच?"

"नव्हता. आम्ही केला." त्यांनी चष्मा काढला. "वरच्या थरातला आणि खालचा एकच. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नाव दिलेला साधा कंगोऱ्यांचा सायमॅटोसेरस. दोन जाती नाहीत, दोन समुद्रही नाहीत. मी आजवर व्हिनेगरचं वर्गीकरण करत होतो गं."

"आणि ताईचं नाव?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "नियम आहे. जुनं नाव राहतं. नंतरचं बाद."

मला संताप आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. थोरल्या सरांचा, त्या दगडाचा, परवा येणाऱ्या गाडीचा. "हे कुणाला दिसलंय?" मी विचारलं.

"मला. आणि आता तुला."

"खाण बुडाली. असा दुसरा दगड मिळायचा नाही. हो ना?"

"हो."

"मग अर्धा राहिलाय तो पुरा धुवा! कुणाच्या बापाचं काय जातंय? कोण बसलंय तुमच्या नॉटिलसची वाट बघत?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"इथे उजाडलं तर बघायला आहे कोण, भाऊजी? तुम्ही, मी आणि ती. त्यातल्या तिला एवढं एकच राहिलंय."

मला वाटलं, ते ओरडतील. खोट्याची त्यांना चीड. एकदा एका विद्यार्थ्याने आकडा बनवून लिहिला, तर त्याला वर्षभर त्यांनी खाणीत उभं केलं नव्हतं. पण ते ओरडले नाहीत. दमलेला माणूस ओरडत नाही. ते भिंतीला धरून उठले, काचेची बशी उतरवली, धुऊन आणली, बाटलीचं बूच काढलं. "हिच्यामागे हिचं काय राहणार?" ते बाटलीकडे बघत म्हणाले. "पोर नाही, बाळ नाही. मी आहे तोवर आठवण, पुढे कोण? तेवढं एक नाव पुस्तकात राहील, या आधारावर मी झोपतो रोज." आणि त्यांनी व्हिनेगर बशीत ओतलं. दगड हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. घालतही नव्हते, ठेवतही नव्हते. मी तो हातातून घेऊन बशीत टाकावा असं माझ्या अगदी मनात आलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज आला. हल्ली तिचा आवाज दारापर्यंतही पोचत नसे, तो पोचला.

"अहो, कोण धुतंय?"

वास गेला होता तिच्यापर्यंत. आम्ही दोघं चोरी पकडलेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

"धाकटे, तू आहेस का तिथे? व्हिनेगर फार कडक झालंय. पाणी घाला."

भाऊजी दगड घेऊन बाहेर गेले. त्यांच्यामागून मी. त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचे दोन्ही हात त्यावर. हात थरथरत होते, दगड खुर्चीच्या हातावर टकटक वाजायला लागला. मी खाली शाल सरकवली. तिने बोटं फिरवली, आधी गुळगुळीत बाजूने, मग पलीकडे. पलीकडे गेल्यावर ती थांबली, परत मागे आली, परत गेली.

"हे काय आहे खरखरीत?"

भाऊजी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. वर्गात सांगतात तसं, सावकाश, काही न लपवता. ती ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्या आजारात चेहरा हलत नाही, त्यामुळे कुणाला वाटतं तिला समजत नाही. मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

"सगळेच?" तिने विचारलं.

"सगळेच असणार. खालच्या थरातल्या सगळ्यांना आपण धुतलं."

"मी धुतलं."

"चूक थोरल्या सरांच्या पद्धतीची. माझी. मी आधी बघायला हवं होतं."

"हात माझे होते," ताई म्हणाली. तिचं बोट परत रेघांवर आलं. "आणि ते नाव?"

"बाद होईल."

"खोडतात?"

"खोडत नाहीत. खऱ्या नावाखाली यादीत लिहितात, की हेही कुणीतरी म्हटलं होतं, पण ते हेच."

ताई रडली. चेहरा तसाच स्थिर आणि गालांवरून पाणी. "मला ते आवडायचं हो," ती म्हणाली. "मी थट्टा करायची, पण मला फार आवडायचं." भाऊजींनी तिचे डोळे पुसले, आणि पुसता पुसता तेही रडले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

जरा वेळाने तिने विचारलं, "आणि आत तुम्ही दोघं काय ठरवत होता?"

भाऊजींना खोटं बोलता येत नाही आणि मला त्या घडीला सुचेना. "तुझ्यामागे तुझं नाव राहावं म्हणून..." ते म्हणाले आणि थांबले.

"माझ्यामागे?" ताई म्हणाली. "मी कुठे गेलेय? इथे बसलेय की. खिडकीत. एवढं भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाला विचारायचं सुचलं नाही तुम्हाला?" एवढं बोलून तिला दम लागला. आम्ही वाट बघितली. "मेलेल्याची व्यवस्था लावतात तशी लावत होता दोघं. आणि ही," माझ्याकडे मान वळवायला तिला वेळ लागला, "ही तर पहिल्यापासून अशीच, घाईची. दगड धुवायची हिची लायकी नाही."

खरंच होतं.

"लेख लिहा," तिने भाऊजींना सांगितलं. "खरं काय ते लिहा. पण एकट्याने नाही. नाव काढायचंच आहे तर मी काढीन. वर तुमच्या नावाशेजारी माझं घाला."

"अगं, तू..."

"लिहिता मला येत नाही. पण धुतलंय मी, आणि कसं धुतलं ते तुमच्यापेक्षा मला नीट आठवतं. किती पाणी, किती व्हिनेगर, किती वेळ. तुम्ही पाठ करून बसायचा. ते कोण सांगणार?"

आतली बशी मी मोरीत ओतली. ओतल्यावर हात नाकाला लावला, अजून तोच वास होता.

गाडी आली, पेट्या गेल्या. अर्धा दगड भाऊजींनी विद्यार्थिनीच्या हातात वेगळा दिला आणि काय आहे ते सांगितलं. रेघांवरून बोट फिरवत ती एवढंच म्हणाली, "सर, हा मी मांडीवर घेऊन जाते." लेख लिहायला त्यांना पुष्कळ दिवस लागले, कारण ताई दिवसातून थोडंच बोलू शकायची आणि भाऊजी लिहिता लिहिता झोपायचे. मी कपड्यांना बटणं लावत ऐकत बसायची. ती म्हणायची, "पाणी कोमट असायचं, ते लिहिलंत का?" ते म्हणायचे, "लिहिलं." ती म्हणायची, "वाचा." नऊ ओळींच्या परिच्छेदावरून दोघं भांडले, तेव्हा मला कळलं की हे घर अजून चालू आहे.

छापील प्रत आली तोवर ताईला खुर्चीतही नीट बसता येत नव्हतं. उशा लावून तिला टेकवलं. फ्रिजच्या वरची फ्रेम मी स्टूलवर चढून काढली, धूळ तिच्यासमोर पुसली. नवा कागद फ्रेमपेक्षा मोठा निघाला. मी दुकानातली कात्री आणली होती, समास कापले. जुनं पान काढू का विचारलं तर भाऊजी म्हणाले, "राहू दे आत. त्याच्यावरच बसव." बसवलं.

ताईने मान कलती करून बघायचा प्रयत्न केला. अक्षरं तिला आता दिसत नसत.

"खाली आहे का माझं?" तिने विचारलं.

"आहे," भाऊजी म्हणाले. "बाद म्हणून, बारीक अक्षरात."

"आणि वर?"

"वरही आहे."

"मग वरचं वाचा."

भाऊजींनी चष्म्याचा दोरा कानामागे सारला आणि वाचलं. आधी स्वतःचं नाव, मग तिचं, पूर्ण, शेपूट न लावता. तिने डोळे मिटले होते. ती झोपली असं समजून ते फ्रेम उचलायला लागले, तर म्हणाली, "परत." त्यांनी परत वाचलं.